कॅप्टनलाही टोकायला शिकवणारा वर्ग

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सुमारे तासभर घिरट्या घालत होतं. चाकांत बिघाड झाल्याची शंका होती आणि कॅप्टनचं सगळं लक्ष तिकडेच. इंधन संपत आल्याचं फ्लाइट इंजिनिअर सांगत होता, पण दबकत. चारही इंजिनं बंद पडली. १० जण गेले.

विमान उडवण्यात कुणी कच्चं नव्हतं. कमी पडलं ते बोलणं.

१९७९मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली. १९८१पासून युनायटेडने मुरलेल्या वैमानिकांनाही वर्गात बसवलं. कनिष्ठाने शंका स्पष्ट मांडायची, वरिष्ठाने ती ऐकून घ्यायची. यातलं दुसरं जास्त अवघड.

१९८९मध्ये हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेलं युनायटेडचंच विमान सू सिटीला कोसळलं, तरी २९६पैकी १८४ जण वाचले. कॅप्टन अल हेन्स यांनी याचं श्रेय या प्रशिक्षणालाही दिलं.