गुळवेलीवर वाढतो, संत्र्याला भोक पाडतो

मागच्या लेखांकात तुरीच्या शेंगा पोखरणारी घाटेअळी पाहिली. तिचं सगळं नुकसान अळीच्या वयात होतं. पतंग झाल्यावर ती फुलांतला मध पिते आणि पिकाला तोंड लावत नाही. आजचा पतंग अगदी उलट वागतो. त्याची अळी कुठल्याही पिकाच्या वाटेला जात नाही, आणि पतंग मात्र रंग धरलेल्या संत्र्याची साल फोडतो. फळातील रस शोषणारा पतंग या नावाने संत्रा बागायतदार त्याला ओळखतात. शास्त्रात तो युडोसिमा या प्रजातीचा. मटेर्ना, फॅलोनिया आणि होमेना या तिच्या तीन जाती आपल्याकडे बागांना त्रास देतात.

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीचं राज्य असलं तरी मंगरूळपीर, मालेगावकडे संत्र्याच्या बागा आहेत. इकडे अनसिंगच्या बाजूला पावसाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळी-निंबांवर आणि कुंपणाच्या काट्यांवर वासनवेल, गुळवेल चढलेली दिसते. या पतंगाची गोष्ट बागेत सुरू होत नाही, या वेलींवर सुरू होते. मादी त्यांच्या पानांवर, बहुधा खालच्या अंगाला, अंडी घालते. निघालेली अळी तीच पानं खाऊन वाढते. पूर्ण वाढलेली अळी मखमली, गडद तपकिरी ते काळपट असते आणि तिच्या दोन्ही कुशींवर दोन-दोन गोल, डोळ्यांसारखे ठिपके असतात. तिला डिवचलं की ती डोकं खाली मुडपून घेते, अंगाला बाक देते आणि मागचं टोक उंच करते. अशा वेळी खरं डोकं दिसत नाही, खोटे डोळे तेवढे दिसतात. चोच मारायला आलेला पक्षी क्षणभर बिचकला, तरी अळीचं काम भागतं. पोटाच्या पुढच्या पायांची जोडी खुरटी असल्यामुळे ती चालताना पाठ किंचित उचलते. पुढे पानं रेशमाने जोडून आतच ती कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास उबदार, दमट दिवसांत साधारण महिनाभरात संपतो.

पतंग चांगला मोठा, पंख पसरले तर आठ-दहा सेंटिमीटरचा. पुढचे पंख तपकिरी, वाळल्या पानासारखे. दिवसा पाचोळ्यात बसला तर शेजारून गेलं तरी दिसत नाही. मागचे पंख मात्र भडक नारिंगी, काळ्या काठाचे. जाती ओळखायची ती याच पंखांवरून. मटेर्नाच्या नारिंगी पंखावर मधोमध गोल काळा ठिपका असतो, फॅलोनियाच्या पंखावर जाड, वाकडा काळा डाग. बहुतेक फुलपाखरांची आणि पतंगांची सोंड मऊ नळीसारखी असते, तिने मध तेवढा ओढता येतो. युडोसिमाच्या सोंडेचं टोक कडक असतं आणि त्यावर उलटे काटे असतात. सोंड दोन उभ्या भागांची बनलेली असते. ते भाग आळीपाळीने पुढे-मागे सरकत गिरमिटासारखे सालीत उतरतात. नर आणि मादी दोघंही हे करतात. भोक टाचणीच्या टोकाएवढं, पण त्यातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, भोवतीची साल तपकिरी पडते आणि चार-आठ दिवसांत फळ गळतं. आंबिया बहाराला याचा तडाखा जास्त, कारण ती फळं पावसाळ्याच्या अखेरीस रंग धरतात आणि नेमके तेव्हाच वेलींवरून नवे पतंग निघालेले असतात. मृग बहार पिकतो तेव्हा पतंग फारसे उरलेले नसतात.

आता वर्गीकरण. लिनियसने फॅलोनियाचं वर्णन 1763 साली आणि मटेर्नाचं 1767 साली केलं. जॉर्ज हॅम्पसन हे आधी निलगिरीत चहाचे मळेवाले होते. भारतातल्या पतंगांवरचे त्यांचे चार खंड 1892 ते 1896 या काळात निघाले, आणि त्यांत हा पतंग घाटेअळीच्याच कुळात, म्हणजे नॉक्टुइडी या घुबडपतंगांच्या कुळात आहे. शंभर वर्षं तो तिथेच राहिला. या सगळ्या पतंगांच्या छातीच्या मागच्या भागात पातळ पडद्याचे कान असतात आणि त्यांनी वटवाघळाचा आवाज ऐकू येतो. कानांचं हे साम्य खरंच एका वंशाचं आहे. पण मागच्या पंखातल्या शिरा वेगळं सांगत होत्या. घाटेअळीच्या पतंगात मधली एक शीर क्षीण झालेली असते, युडोसिमात ती ठसठशीत असते. पुढे आठ जनुकांची तुलना करणारं संशोधन 2011 साली प्रसिद्ध झालं, आणि ठसठशीत शिरेचे हे बहुतेक पतंग इरेबिडी या वेगळ्या कुळात पक्के झाले. जुन्या कृषी पुस्तकांत ऑथ्रेइस फुलोनिया हे नाव आढळलं तर तो आपला फॅलोनियाच समजावा.

इरेबिडीतलं याचं उपकुळ कॅल्पिनी. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती याच उपकुळातली कॅलिप्ट्रा ही प्रजाती. फळं फोडणारीच ही सोंड, पण हिच्या काही जातींचे नर जनावराच्या कातडीत ती खुपसून रक्त पितात. हान्स बेंझिगर या स्विस शास्त्रज्ञाने आग्नेय आशियात 1960च्या दशकात हे प्रत्यक्ष पाहून लिहिलं. आणि कॅलिप्ट्राच्या बहुतेक जातींच्या अळ्याही गुळवेलीच्या कुळातल्याच वनस्पती खातात. नातं जनुकांत दिसतं तसं ते पानावरही दिसतं.

हा पतंग कसा जगतो हे कळण्यात बागायतदाराचाही फायदा आहे. घाटेअळी पिकावरच वाढते, म्हणून फवारणी तिला गाठते. युडोसिमा दिवसभर बागेबाहेर असतो आणि अंधार पडल्यावर उडत येतो, त्यामुळे झाडावर दुपारी मारलेलं औषध बरंचसं वाया जातं. त्यापेक्षा संध्याकाळी ओल्या पाल्याचा धूर करणं, गूळ, फळांचा रस आणि कीटकनाशकाचं आमिष टांगणं, गळलेली फळं रोज गोळा करून पुरणं हे उपाय त्याच्या स्वभावाला धरून आहेत. अंधारात टॉर्च मारली की फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे तांबडे चमकतात. असे पतंग हातजाळीने धरताही येतात.

बागेच्या कुंपणावरची वासनवेल, गुळवेल काढावी, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो बरोबर आहे. पण तो कुंपणापुरताच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. पतंग लांबून उडत येतो, म्हणून कोणी नाल्याकाठची आणि जंगलातली गुळवेल तोडत सुटला तर पतंग संपणार नाहीत आणि औषधी वेल मात्र जाईल. त्याच पानांवर युडोसिमाच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशाही वाढतात. पतंगांची संख्या त्यांच्यामुळेही आटोक्यात राहते.

पुढच्या आठवड्यात याच कुळातली, एरंडीची पानं फस्त करणारी उंटअळी.