परिच्छेदातील विषयवाक्य : विषय आणि प्रतिज्ञा

परिच्छेद हा गद्यरचनेतील विचाराचा घटक होय. वाक्य एखादे विधान करते. परिच्छेद त्या विधानाचे समर्थन करतो, त्याचा विस्तार करतो किंवा त्याला मर्यादा घालतो. परिच्छेदाचे मुख्य विधान ज्या वाक्यात आलेले असते, त्यास विषयवाक्य म्हणतात. ही संज्ञा सोयीची असली तरी तिच्यामुळे एक गैरसमज संभवतो. विषयाचा नुसता निर्देश केला की विषयवाक्य सिद्ध झाले, असे लिहिणाऱ्यास वाटू लागते. वास्तविक विषयाचा निर्देश हे या वाक्याचे अर्धेच कार्य आहे. त्या विषयासंबंधी काय प्रतिपादावयाचे आहे हे सांगणे, हे उरलेले आणि अधिक महत्त्वाचे कार्य होय.

ही कल्पना मराठी लेखकास सर्वस्वी परकी नाही. मोडी लेखनात शब्द न तोडता ओळ अखंड चालत असे. परिच्छेदाची आजची दृश्य मांडणी मुद्रणाबरोबर रूढ झाली. इंग्रजीत अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात परिच्छेदाचे नियम सांगितले आणि आरंभीच्या वाक्याने विषय सूचित करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. परंतु भारतीय न्यायशास्त्रात त्यापूर्वी कित्येक शतके अनुमानवाक्याचे पाच अवयव मानलेले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. जे सिद्ध करावयाचे ते प्रथम सांगणे, म्हणजे प्रतिज्ञा. विषयवाक्याचे खरे स्वरूप या संज्ञेने अधिक नेमके व्यक्त होते.

स्थानिक इतिहासावरील लेखनात हा भेद विशेष स्पष्ट होतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास माहितीची वाण पडत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने आहे. अडचण पडते ती जमविलेल्या माहितीस सूत्र लाभत नाही म्हणून. उदाहरणार्थ, एखादा परिच्छेद ‘कल्याण हे ठाणे जिल्ह्यातील महत्त्वाचे शहर आहे’ या वाक्याने सुरू होतो असे समजावे. त्यापुढे कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत, कल्याण उल्हास नदीच्या काठी आहे, १८५४ साली तेथे रेल्वे आली, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ साली डोंबिवलीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अशी वाक्ये येतात. यांतील एकही विधान खोटे नाही. तथापि हा परिच्छेद नव्हे, ही यादी होय. वाक्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही, हीच त्याची खूण. ‘महत्त्वाचे’ हा शब्द इतका सैल आहे की त्यात कोणतीही माहिती मावते. आणि ज्यात सर्व मावते ते काहीच वगळू शकत नाही.

आता त्याच सामग्रीस निराळी प्रतिज्ञा द्यावी : ‘कल्याणचे महत्त्व रेल्वेने निर्माण केले नाही, जुन्या महत्त्वास तिने नवी दिशा दिली.’ या वाक्यामुळे लेखकावर दोन जबाबदाऱ्या येतात. रेल्वेपूर्वीचे महत्त्व दाखविण्यासाठी कान्हेरीचे उल्लेख आणि नदीकाठचे प्राचीन बंदर यांचा आधार घ्यावा लागतो. नवी दिशा दाखविण्यासाठी कल्याणपासून फुटणारे दोन मार्ग सांगावे लागतात : एक बोरघाटातून पुण्याकडे जाणारा, दुसरा थळघाटातून नाशिककडे. साहित्य संमेलनाचा उल्लेख मात्र आपोआप गळून पडतो. तो खरा असला तरी येथे अप्रस्तुत ठरतो.

प्रतिज्ञा बदलली की तीच तारीख निराळी साक्ष देते. ‘बोरीबंदरहून निघालेल्या लोहमार्गाचे अंतिम उद्दिष्ट ठाणे नव्हते’ असे आरंभवाक्य घेतल्यास, १६ एप्रिल १८५३ रोजी झालेला सुमारे ३४ किलोमीटरांचा प्रवास हा केवळ पहिला टप्पा ठरतो. १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत झालेला विस्तार, १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाट आणि १८६५ मध्ये खुला झालेला थळघाट हे पुढील टप्पे होतात. दख्खनच्या अंतर्भागातील कापूस मुंबई बंदरास आणण्याची निकड हा हेतू म्हणून पुढे येतो. येथे शिलालेखांस स्थान उरत नाही.

विषयवाक्याच्या घडणीत मराठीच्या पदक्रमाचाही विचार करावा लागतो. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि त्याच्या लगत पूर्वी येणाऱ्या पदावर स्वाभाविक भर पडतो. ‘ठाण्यापर्यंत पहिली गाडी १८५३ साली धावली’ हे वाक्य ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘पहिली गाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत धावली’ हे ‘कोठवर’ या प्रश्नाचे. पहिल्यानंतर वाचक काळासंबंधीच्या विवेचनाची अपेक्षा धरतो, दुसऱ्यानंतर अंतरासंबंधीच्या. विषयवाक्यात ज्या पदावर भर द्यावा, तेच पुढील वाक्यांनी उचलावे. शिवाय नकार आणि क्रियापद शेवटी येत असल्याने लांबलेल्या वाक्यात लेखक विधान करीत आहे की ते नाकारीत आहे, हे वाचकास अखेरपर्यंत उमगत नाही. म्हणून विषयवाक्य आटोपशीर असावे. अटी आणि अपवाद पुढील वाक्यांत सांगता येतात.

विषयवाक्य सदैव आरंभीच असले पाहिजे, असा मात्र नियम करता येणार नाही. दृष्टान्त आधी मांडून सिद्धान्ताकडे येण्याची रीत मराठी संतवाङ्मयात व कीर्तनात मुरलेली आहे. वाचकाचा विरोध अपेक्षित असेल तेथे पुरावा आधी देऊन निष्कर्ष शेवटी सांगणे हितकारक ठरते. परंतु त्या वेळीही प्रतिज्ञा लेखकाच्या मनात प्रथमपासून निश्चित असावी लागते. ती मागून सांगणे निराळे आणि मागून शोधणे निराळे.

विषयवाक्य पारखण्याचा एक साधा उपाय आहे. त्या वाक्याशी एखाद्या जाणत्या वाचकास असहमत होता येईल काय, हे पाहावे. ‘कल्याण महत्त्वाचे आहे’ या म्हणण्याशी कोणी वाद घालणार नाही. म्हणूनच त्यातून काही निष्पन्न होत नाही. रेल्वेने जुन्या महत्त्वास केवळ नवी दिशा दिली, या विधानावर मात्र आक्षेप घेता येतो. रेल्वे येण्यापूर्वीच बंदराचे वैभव ओसरले असल्यास दिशा बदलण्याजोगे काय उरले होते, असे कोणी विचारू शकेल. त्या आक्षेपास उत्तर देण्यासाठी पुरावा पुन्हा तपासावा लागतो, आणि संशोधनास तेथेच आरंभ होतो. विषयवाक्य टाळणारा लेखक चुकण्याचा धोका टाळतो. पण त्याबरोबर आपले म्हणणे तपासून पाहण्याचा वाचकाचा अधिकारही तो हिरावून घेतो.