दंडावरचा व्रण आणि काकूंचा प्रश्न
(लेखांक ६)

टाइप १ मधुमेहात आपल्याच पेशी स्वादुपिंडावर कशा उलटतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. ते वाचून इंदूरच्या साउथ तुकोगंजात नाथ मंदिराजवळ राहणाऱ्या एका काकूंनी मला रस्त्यातच गाठलं. "अरे, मोठ्या माणसांना आता बीसीजी देताहेत म्हणे, शुगरवाल्यांनासुद्धा. मग आमच्या नातीलाच का नाही?" नात सोळा वर्षांची, नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर.

काकूंच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती. २०२४ मध्ये देशात काही ठिकाणी प्रौढांना बीसीजी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात साठीपुढचे, धूम्रपान करणारे, क्षयरुग्णाच्या सहवासातले असे लोक घेतले, तसे मधुमेहीही. कारण मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका जास्त. म्हणजे तिथे लस क्षयासाठीच आहे, साखर उतरवण्यासाठी नाही.

पण साखरेसाठीही ती टोचून पाहिलेली आहे, आणि ती हकीकत मोठी चमत्कारिक आहे. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच जोडीनं १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर गाईच्या क्षयाचा जंतू २३० वेळा पुन्हापुन्हा वाढवून मवाळ केला. तीच ही लस. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डेनिस फॉस्टमन यांनी ती टाइप १ मधुमेहाच्या जुन्या, प्रौढ रुग्णांना चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा दिली. पहिली तीन वर्षं साखरेत म्हणावा असा फरक नाही. मग तीन महिन्यांची सरासरी खाली आली आणि पुढे खालीच राहिली. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा बराच गाजावाजा झाला. रुग्ण मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्याआधी १९९९ मध्ये, नुकतंच निदान झालेल्या मुलांना एकच डोस देऊन केलेल्या अमेरिकेतल्याच चाचणीत काहीही फायदा दिसला नव्हता.

मला स्वतःला रोममधली एक चाचणी जास्त वजनाची वाटते. रोग वेगळा, पण त्यातही आपल्याच पेशी उलटतात. मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसची पहिली चाहूल लागलेले ७३ रुग्ण. काहींना बीसीजी, काहींना नुसतं पाणी म्हणावं असं इंजेक्शन. २०१४ साली निकाल आला: पाच वर्षांनंतर बीसीजीवाल्यांपैकी ५८ टक्के लोक पक्क्या रोगापासून दूर होते, दुसऱ्या गटात ३० टक्के.

हे घडतं कसं? फॉस्टमन यांचा भर टीएनएफ नावाच्या प्रथिनावर. बीसीजीमुळे ते वाढतं, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर चालून जाणाऱ्या बिघडलेल्या पेशी त्यानं मरतात, असं त्या मांडतात. शिवाय लस घेतलेल्यांच्या पांढऱ्या पेशी जास्त साखर खाऊ लागतात, असंही त्यांना आढळलं.

आता गंमत बघा. काकूंच्या जाऊबाईंना आमवात आहे. त्यात हेच टीएनएफ सांध्यांना सूज आणतं, म्हणून डॉक्टर ते दाबणारी इंजेक्शनं देतात. आणि ती देण्याआधी क्षयाची तपासणी करतात, कारण फुप्फुसात वर्षानुवर्षं कोंडून पडलेल्या क्षयजंतूंभोवतीची पेशींची तटबंदी टीएनएफवरच उभी असते. ते दाबलं की तट ढासळतो. ज्या इंदूरला क्षयासाठी वेगळं मनोरमाराजे रुग्णालय आहे, तिथे ही तपासणी टाळून चालत नाही. एका घरात जे वाढवायचं, तेच शेजारच्या खोलीत दाबायचं! करोनापासून काढ्याच्या प्रत्येक बाटलीवर 'प्रतिकारशक्ती वाढवा' लिहिलेलं दिसतं. कुठली वाढवायची, हे बाटलीवर नसतं.

जाऊबाईंनी बीसीजीच्या वाटेला जाऊ नये, हे मी काकूंना तिथेच सांगितलं. लशीतला जंतू मवाळ असला तरी जिवंत आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत लस देत नाहीत.

नातीचं काय? तिच्या डाव्या दंडावर बारीकसा खोलगट व्रण आहे. काकू तो 'देवीचा' समजत होत्या. देवीची लस बंद होऊन चार दशकं उलटली. हा जन्मल्याबरोबर टोचलेल्या बीसीजीचा. म्हणजे लस तिला मिळालीच होती, तरी नवव्या वर्षी मधुमेह आलाच. बोस्टनचे रुग्ण ज्या देशातले, तिथे बाळांना सरसकट बीसीजी देत नाहीत. जिचं शरीर पहिल्या दिवसापासून या जंतूला ओळखतं, तिच्यावर मोठेपणी दिलेल्या दोन डोसांचा परिणाम तसाच होईल, असं त्या निकालांवरून म्हणता येत नाही.

"म्हणजे इन्सुलिन चालूच," काकू म्हणाल्या.

चालूच. जाऊबाईंच्या इंजेक्शनांबद्दल पुढच्या लेखांकात.