जुन्या डिझेल गाडीचे पाईप: तुकडा बदलला की तोटा, सेट बदलला की धंदा

गॅरेज टाकायचंय किंवा स्पेअर पार्टचं दुकान काढायचंय, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी आजचा विषय. नव्या मुलांना आधी स्कॅनर घ्यायचा असतो. घ्या की. पण एकदा जत, आटपाडी, पाटण या बाजूला चक्कर मारून या. एमएच-१० आणि एमएच-११ च्या जुन्या कमांडर, सुमो, जुनी बोलेरो अजून वडापला, दुधाला, भाजीला पळतायत. यांना ईसीयू नाही, सेन्सर नाही. डिझेल मोजून नोझलला पाठवायचं काम एकटा मेकॅनिकल इंजेक्शन पंप करतो. बॉशने डिझेल पंपांचं उत्पादन सुरू केलं ते १९२७ ला. आपल्याकडे बेंगळुरूची मायको १९५१ ला आली. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी आपला मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतो.

पंप दणकट असतो. त्याच्या आधी म्हातारे होतात ते पाईप.

गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, ‘सकाळी लवकर चालू होत नाही, पंप गेला वाटतं.’ थांबा. पंप खोलून सेंटरला पाठवायच्या आधी टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाईप बघा. या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे पाईपला बारीक चीर असली तरी थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. टाकीत डिझेल कमी आणि यवतेश्वरचा चढ, अशा वेळी गाडी मध्येच बंद पडते. वडापवाल्याची सकाळची पहिली फेरी गेली की त्याचा अख्खा दिवस बिघडतो. म्हणजे तो तुमच्याकडे पाईप घ्यायला आलेलाच नसतो. उद्या सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हावी, एवढंच त्याला हवं असतं.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या दुकानाचे तुम्ही घाला. समजा भाडं, लाईट, पोराचा पगार धरून गॅरेजचा एक तास तुम्हाला १८० रुपयांना पडतो. तुम्ही फक्त चिरलेला तुकडा बदलला. अर्धा तास लागला, मजुरी १५० आणि पाईपवर ४० सुटले. १९० मधून ९० गेले, शंभर राहिले. तीन दिवसांनी शेजारचा कडक झालेला पाईप हवा घ्यायला लागला. गाडी परत आली आणि गिऱ्हाईक म्हणणार, ‘तुम्हीच केलं होतं ना?’ एक तास फुकट. आता तुम्ही ८० रुपये तोट्यात, आणि त्याचा विश्वास गेला तो वेगळाच.

तेच काम पूर्ण सेटचं घ्या. टाकी ते फीड पंप, तिथून फिल्टर, फिल्टरपासून पंप, नोझलवरचे रिटर्न पाईप, सगळ्या क्लिपा, बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे. तीन तास धरा. तासाला २५० प्रमाणे मजुरी ७५०, मालावर २५० सुटले, असे हजार. त्यातून ५४० खर्च गेला, ४६० राहिले. गाडी परत येण्याची शक्यताही फार कमी. मात्र हे खोलायच्या आधी सांगायचं. जुना पाईप गिऱ्हाइकाच्या समोर वाकवून दाखवा, चिरा आपोआप बोलतात. काम झाल्यावर जुने पाईप पिशवीत घालून त्याच्याच हातात द्या.

माल घेताना कंजुषी नको. लेव्हल बघायची पारदर्शक नळी अनेक ठिकाणी डिझेलला लावलेली दिसते. डिझेलमध्ये ती काही महिन्यांत काचेसारखी कडक होते. इंधनाचाच होज घ्या, ज्यावर ‘एसएई जे३०’ आणि ‘आर६’, ‘आर७’ किंवा ‘आर९’ असं छापलेलं असतं. आर९ ला आतून फ्लोरोरबरचं अस्तर असतं. महाग आहे, पण टिकतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं. अमेरिकेत १९९३ ला कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा जुन्या नायट्राईल रबरचे सील गळायच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून वीस वर्षं जुनं रबर ‘दिसायला बरं आहे’ म्हणून ठेवू नका.

होज करवतीने कापू नका, धारदार ब्लेडने कापा. रबराचा भुगा आत गेला तर फिल्टरच्या पुढे तो थेट पंपात जातो. उघडी तोंडं लगेच टोपीने बंद करा. सांगलीकडच्या गाडीला एक प्रश्न जास्त विचारा: २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती का? हो म्हणाला तर आधी टाकी उतरवून गंज बघा, नाहीतर नवे पाईप घालून उपयोग नाही.

एअर काढायला घाई नको. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा.

पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी पाईपचा मामला वेगळा. तिथे शेकडो बारच्या घरात प्रेशर असतं, गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार असते म्हणजे अंदाज घ्या. हे पाईप सहसा सारख्या लांबीचे असतात, कारण लांबी बदलली की त्या सिलेंडरला डिझेल पोचायची वेळ बदलते. कापून वेल्डिंग नाही, रबर लावणं तर नाहीच. जुना पाईप नमुना म्हणून नेऊन त्याच मॉडेलचा आणा. स्टॉक ठेवू नका, पैसे अडकतात.

आणि पोरांना पहिल्या दिवशी शिकवा: इंजिन चालू असताना लोखंडी पाईपवर हात फिरवून लिकेज शोधायचं नाही, पुठ्ठा धरायचा. हा फवारा कातडी भेदून आत जातो. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार, पण आत मांस खराब होतं, बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर मलम लावून वाट बघू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

गाडी दिल्यावर बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला फोन करा, ‘दादा, कितव्या सेल्फला चालू झाली?’