सिलिकॉनचा साचा: किलोने नको, ग्रॅमने करूया

आजच्या भागात आकडे बरेच आहेत आणि लोकलच्या गर्दीत एका कानात इअरफोन असताना आकडे हमखास निसटतात, म्हणून हा भाग नीट लिहूनच टाकतोय.

रेझिनचा नाद लागलेले आपल्यात बरेच जण आहेत. किचेन, कोस्टर, नेमप्लेट, लग्नाच्या हारातली फुलं जपलेली फ्रेम. सुरुवातीला सगळे तयार साचे आणतात. मग एक दिवस वाटतं, घरातली ती आजीच्या वेळची छोटी मूर्ती किंवा स्वतः थ्रीडी प्रिंट केलेला मोहरा रेझिनमध्ये ओतता आला तर? त्यासाठी स्वतःचा साचा हवा. आणि इथेच खिसा ओरडतो, कारण सिलिकॉन महाग आहे. पहिला साचा करून बघायचा म्हणून किलोभर आणायचं, निम्मं वाया जायचं आणि तिथेच छंद संपायचा, असं होऊ नये म्हणून हा भाग.

माझं मत आधीच सांगतो. स्वस्त सिलिकॉन शोधण्यात फारसं हाती लागत नाही. खरी बचत कमी सिलिकॉन वापरण्यात आहे.

हिशेब करूया. समजा 8 सेंमी उंच, 5 सेंमी रुंद आणि 4 सेंमी जाड अशी गणपतीची मूर्ती आहे. ती एखाद्या डब्यात ठेवली, चारही बाजूंनी आणि वरून 2 सेंमी जागा सोडली. डबा झाला 9 गुणिले 8 गुणिले 10, म्हणजे 720 मिली. मूर्तीने स्वतः 80 मिली जागा घेतली असं धरू. उरलं 640 मिली सिलिकॉन. सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड असतं, 1.1 ने गुणा: जवळपास 700 ग्रॅम. भाव किलोला हजार रुपये धरला तर 700 रुपये एका साच्याला!

आता जागा 2 ऐवजी 1 सेंमी ठेवा. डबा 7 गुणिले 6 गुणिले 9, म्हणजे 378 मिली. मूर्ती वजा केली की 298 मिली, साधारण 330 ग्रॅम, 330 रुपये. अर्ध्याहून कमी, आणि आपण केलं काय? फक्त डबा बदलला. म्हणून डबा मूर्तीच्या मापाचा हवा. फोमबोर्ड कापून ग्लू गनने जोडा, गोल वस्तू असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. किती सिलिकॉन लागेल ते मोजायला सोपी युक्ती: मूर्ती रिकाम्या डब्यात ठेवून वरपर्यंत तांदूळ भरा, मग ते तांदूळ मापाच्या कपात ओता. जो आकडा येईल, साधारण तेवढे मिली सिलिकॉन लागणार. (तांदूळ परत डब्यात टाकण्याआधी आईला विचारा.)

अजून खाली जाता येतं. त्यासाठी मुंबई-गोवा हायवेवर पनवेलच्या पुढे, पेणला जाऊया. पेण आणि शेजारच्या हमरापूर-जोहे भागातले गणपतीचे कारखाने सगळ्यांना माहीत आहेत. तिथे एकाच मूर्तीच्या ढिगाने प्रती निघतात, त्या साच्यातून. आत लवचीक रबराचा पातळ थर, आणि तो थर आकारात धरून ठेवायला बाहेर कडक कवच. रबराचं काम एवढंच, की मूर्तीचा प्रत्येक बारकावा उचलायचा आणि सोंडेमागून, हाताखालून न फाटता बाहेर यायचं. आकार टिकवण्याचं काम कवच करतं. मग सगळा ठोकळा महागड्या लवचीक मालाचा कशाला?

हीच पद्धत आपण घरी वापरायची. त्याच मूर्तीवर 5 मिमी जाडीचं सिलिकॉनचं सालपट चढवलं तर? मूर्ती सोयीसाठी ठोकळा धरली, तर तळ सोडून पृष्ठभाग 164 चौरस सेंमी होतो. गुणिले अर्धा सेंमी, 82 मिली. कोपरे-बिपरे धरून 100 मिली म्हणू. म्हणजे 110 ग्रॅम, 110 रुपये, वर थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस. सातशेचे एकशे दहा झाले, आणि सिलिकॉन तेच चांगल्या दर्जाचं.

कृती अशी. मूर्ती सनमायकाच्या तुकड्यावर घट्ट बसवा. काचेवर नको, सिलिकॉन काचेला पक्कं चिकटतं; फिश टँक त्यानेच जोडतात. मूर्तीवर आणि सनमायकावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. पहिला थर ब्रशने, पातळ आणि शांतपणे, कारण बुडबुडे इथेच अडकतात आणि साच्यातला प्रत्येक बुडबुडा पुढे प्रत्येक प्रतीवर पुटकुळी होऊन येतो. तो थर चिकटसर झाला की दुसरा, मग मेडिकलमधल्या गॉजच्या पट्ट्या दाबून बसवा, त्यावर तिसरा. गॉजमुळे साल फाटत नाही. बाहेरून खोलगट जागा भरून घ्या, नाहीतर प्लास्टर तिथे अडकेल. सिलिकॉन पूर्ण सेट झालं की बाहेरून प्लास्टरचं कवच, दोन अर्ध्यांत. मोदकाचा साचा कसा उघडतो, तसंच. दोन अर्ध्यांच्या मध्ये व्हॅसलिन विसरू नका. शेवटी कवच काढा, सिलिकॉनचं साल मागून ब्लेडने थोडं चिरा आणि मोज्यासारखं सोलून घ्या. रेझिन ओतताना साल परत कवचात बसवायचं, तळ वर करून.

मूर्तीची एक बाजू सपाट असेल, म्हणजे पेंडंट किंवा कोस्टर, तर एवढा खटाटोप नको. मापाचा डबा पुरे.

आता सिलिकॉन कुठलं? दोन भागांत मिळणाऱ्या सिलिकॉनच्या मुख्य जाती दोन. दुकानदाराला नाव माहीत नसेल तर बाटल्या बघा. एक मोठा डबा आणि सोबत छोटीशी बाटली असेल तर ते बहुतेक टिनवालं. दोन सारखे डबे असतील तर प्लॅटिनमवालं. टिनवालं स्वस्त, थोडं आकसतं, काही वर्षांत म्हातारं होतं, पण स्वभावाने सोशिक. प्लॅटिनमवालं मोजक्याच प्रमाणात आकसतं, पण नखरे फार. गंधक असलेली मूर्तिकामाची तेलकट माती, लॅटेक्सचे हातमोजे, थ्रीडी प्रिंटरमधला यूव्ही रेझिनचा मोहरा, यातलं काहीही लागलं की तिथे ते सेटच होत नाही, चिकट लगदा राहतो आणि मूळ वस्तूही बरबटते. म्हणून मूळ वस्तू जिवाभावाची असेल तर आधी तळाला थेंबभर लावून बघा. शिकताना टिनवालंच घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला क्राफ्टच्या सामानाची दुकानं आहेत. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना मस्जिद स्टेशन सोयीचं. डब्यावरची तारीख बघून घ्या, जुना माल नीट सेट होत नाही.

टिनवाल्यात हार्डनरचं प्रमाण थोडं असतं, डब्यावर काय लिहिलंय ते पाळा. समजा 3 टक्के असेल, तर 110 ग्रॅमला 3.3 ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा इथे कामाचा नाही. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. या छंदात माझ्या मते पैसे खर्च करायची पहिली जागा तीच.

आणि तो प्रसिद्ध जुगाड? हार्डवेअरच्या दुकानातलं सीलंट अधिक कॉर्नफ्लोअर. चालतो, पण का चालतो ते समजून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट हवेतल्या ओलाव्याने सेट होतं, बाहेरून आत. जाड गोळा केला तर वरून कडक आणि आत कित्येक दिवस ओला. कॉर्नफ्लोअरचा प्रत्येक कण थोडा ओलावा घेऊन आत जातो, म्हणून गोळा सगळीकडून एकदम सेट होतो. साधारण निम्मं-निम्मं, कणकेसारखं मळायचं, हाताला काही मिनिटंच मिळतात. पावसाळ्यात त्याहून कमी. मंचुरियनला वापरतो ते पांढरं कॉर्नफ्लोअर घ्यायचं, मक्याचं पिवळं पीठ नाही.

पण बारकावे यात उठत नाहीत, हे नक्की. साधी बटणं, ठोकळे, जाड अक्षरं, ठीक. आणि त्या वासाचं जे ॲसिड आहे ते पितळ-तांब्याला डाग पाडतं आणि संगमरवर खातं. देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती त्यात दाबू नका. खिडकी उघडी ठेवून करा. वन रूम किचनमध्ये राहत असाल आणि घरात लहान मूल असेल तर ते झोपलेल्या खोलीत तर नाहीच.

जुने फाटलेले साचे टाकू नका. बारीक तुकडे करून डब्यातल्या नव्या साच्याच्या बाहेरच्या भागात घाला. नवं सिलिकॉन जुन्याला घट्ट धरतं आणि तेवढं सिलिकॉन वाचतं. मूर्तीला लागून मात्र तुकडे नकोत. याउलट, भाव परवडावा म्हणून सिलिकॉनमध्ये ढीगभर सिलिकॉन ऑइल मिसळायचा सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. साचा मऊ पडतो, लवकर फाटतो, आणि तेल नंतर बाहेर झिरपतं.

गणपतीच्या दिवसांत एक प्रश्न नक्की येणार, म्हणून आत्ताच. यातल्या कुठल्याही साच्यात चॉकलेट मोदक करायचे नाहीत. खाण्यासाठी वेगळं, तसं स्पष्ट लिहिलेलं सिलिकॉन मिळतं. आणि ज्या साच्यात एकदा रेझिन पडलं, तो खाण्यासाठी कायमचा बाद.

टिनवाला साचा झाल्या झाल्या रेझिन ओतू नका. सेट होताना त्यातून अल्कोहोल सुटत असतं, एक दिवस उघडा ठेवा. रेझिन ओतताना नायट्राइलचे हातमोजे घाला. एपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी एकदा लागली की पिच्छा सोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर चिकट, धुरकट थर आला तर दोष साच्याचा नाही, हवेतल्या दमटपणाचा आहे. बाटल्यांची झाकणं घट्ट लावा आणि पाऊस धो-धो पडत नसेल तो दिवस निवडा. साचा ठेवताना दुमडून ठेवू नका, कवचात बसवूनच ठेवा. कवचावर पेनने तारीख आणि किती ग्रॅम रेझिन लागतं ते लिहून टाका, पुढच्या वेळी परत तांदूळ मोजायला नकोत.