वाणसामानाचा हिशेब

प्रपंचाच्या खर्चात घरभाडे, शाळेची फी व जाण्यायेण्याचा खर्च या बाबी बहुधा ठरलेल्या असतात. वाणसामानाची गोष्ट निराळी. तेथे खर्च कमी-अधिक करणे घरच्या माणसांच्या हाती असते, आणि म्हणूनच हात आखडण्याची वेळ आली की पहिली कुऱ्हाड मुलांच्या दुधावर व वरणातील डाळीवर कोसळते. हिला काटकसर म्हणणे योग्य नाही. पोटास चिमटा न घेता चार पैसे कसे मागे टाकता येतील, याचा येथे विचार करावयाचा आहे. त्यासाठी लागणारे गणित त्रैराशिकापलीकडचे नसल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांनीही ते घरी करून पाहण्यास हरकत नाही.

भाव म्हणजे वेष्टनावर छापलेली रक्कम नव्हे. एका किलोस जी रक्कम पडते तो भाव. समजा, 100 ग्रॅमची पुडी 20 रुपयांस व 1 किलोचे पाकीट 170 रुपयांस मिळते. पुडी घेणाऱ्यास किलोमागे 200 रुपये पडतात. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे कमी, तोच महाग माल घेतो! परंतु मोठे पाकीट नेहमी स्वस्तच असते असेही समजू नये. 500 ग्रॅमचे पाकीट 90 रुपयांस आणि 250 ग्रॅमचे 42 रुपयांस असेल, तर दोन लहान पाकिटे घेणाराच 6 रुपये वाचवितो. वेष्टित मालाविषयीच्या 2011 च्या नियमांत 2021 साली दुरुस्ती होऊन, दर ग्रॅमास वा दर किलोस किती पैसे पडतात हे वेष्टनावर छापण्याचे ठरले. मात्र 1 किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर हा दर ग्रॅममागे असतो, व जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमागे. तेव्हा तुलना करताना पहिल्यास हजाराने गुणावे लागते. तसेच छापील किंमत ही जास्तीत जास्त घेता येणारी किंमत होय. तिच्याहून कमी दराने विकण्यास दुकानदारास कोणी अडविलेले नाही. विचारण्यात कसला कमीपणा?

तेलाच्या बाबतीत तर पुष्कळ सुशिक्षित माणसेही फसतात. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे 1 लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅमच भरते. एका दुकानी 15 लिटरचा डबा व दुसऱ्या दुकानी 15 किलोचा डबा असेल, तर पहिल्यात तेल जवळजवळ साडेतेरा किलोच असते. डबे दिसावयास सारखे, आणि पहिल्याची किंमत थोडी कमी. साहजिकच गिऱ्हाईक त्याकडे वळते. विज्ञानाच्या वर्गात शिकविलेल्या घनतेचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

आता बेगमीविषयी. नवा गहू मार्च-एप्रिलच्या सुमारास, हरभरा त्याच्या थोडा आधी व तूर हिवाळ्यात बाजारात येते. त्या वेळी माल मुबलक असल्याने भाव बहुधा उतरलेले असतात. आपल्या वडील मंडळींची उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. परंतु ती धान्य टिकविण्याच्या ज्ञानावर उभी होती, हे विसरता कामा नये. कडधान्यातील भुंगेऱ्याची लागण पुष्कळदा शेतातच झालेली असते. त्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते. कडक उन्हाने दाण्यातील ओल कमी होते, आणि एरंडेलाचा हात फिरविल्याने अंडी सालीस नीट चिकटत नाहीत व असलेली गुदमरतात. ऊन दिलेले धान्य पूर्ण निवल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. गरम धान्य भरल्यास आत घाम धरतो व सारे श्रम वाया जातात. ज्या घरात ऊन व कोरडी जागा यांपैकी काहीच नाही, त्यांनी दोन-तीन महिन्यांपुरतेच धान्य घ्यावे हे बरे.

कर्ज काढून बेगमी करणे मात्र निव्वळ तोट्याचे. समजा, 1 क्विंटल गहू 3200 रुपयांस घेतल्याने किलोमागे 4 रुपये, म्हणजे एकूण 400 रुपये वाचतात. हे 3200 रुपये दरमहा दरशेकडा 3 रुपये व्याजाने काढले असतील, तर महिन्यास 96 रुपये व्याज होते. पाच महिन्यांत ते 480 रुपये झाले की, गहू अर्धाअधिक डब्यात असतानाच बचत संपून तोटा सुरू होतो. वाण्याच्या उधारीवर उघड व्याज नसते हे खरे. तथापि ज्याची वही तुंबली आहे, त्यास भावाविषयी किंवा मालाविषयी हुज्जत घालण्याचे तोंड राहत नाही, आणि दुसऱ्या दुकानाची पायरीही चढता येत नाही.

उधारी व भेसळ या दोन्ही गोष्टींनी गांजलेल्या इंग्लंडातील रॉचडेल गावच्या 28 जणांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, प्रत्येकी 1 पौंड जमवून 21 डिसेंबर 1844 रोजी स्वतःचे दुकान उघडले. आरंभी माल तो काय? पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड व मेणबत्त्या. उधार देणे नाही, माल निर्भेळ, वजन पुरे, आणि शिल्लक राहील ती ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यास परत, असा त्यांचा रिवाज होता. आपल्याकडे 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनेही शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे सामान एकत्र मागविण्याची पद्धत चालविली.

एवढा मोठा व्याप नको असेल, तर एका चाळीतील पाच घरांनी तांदळाचे एक पोते घाऊक बाजारातून रोखीने आणून वाटून घेण्यास कोणत्याही संस्थेची गरज नाही. पोत्याची किंमत, गाडीभाडे व हमाली यांची बेरीज करून ती प्रत्यक्ष भरलेल्या वजनाने भागावी, म्हणजे किलोचा खरा भाव निघतो. पोत्याचे वजन वजा करण्यास विसरू नये, आणि वाटणीचा तराजू पाचही घरांच्या देखत लावावा. तांदळापायी शेजार तुटणे फार महाग पडते.