मरण विसरलेली पेशी

पावसाळ्यात पांझरेकाठच्या डबक्यांत बेडकाची पिले आपण पाहिली असतील. त्यांचे शेपूट तुटून पडत नाही. त्यातील पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि ते जिरून जाते. गर्भात आपली बोटे सुटी होतात, तीही अशाच मरणामुळे. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली या नियत मरणाला ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ असे नाव दिले.

कर्करोगाची पेशी हे मरण चुकविते. काही रक्तकर्करोगांत ‘बीसीएल-२’ हे प्रथिन तिचे मरण अडवून धरते. अमेरिकेत २०१६ साली मान्य झालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध त्या प्रथिनालाच जखडते. मग अडलेले मरण पुन्हा वाट धरते. मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या ‘नेक्सकार-१९’ला २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच संरक्षक पेशींना काही रक्तकर्करोगांच्या पेशी ओळखावयास शिकवितात. त्या त्यांना गाठून मरणास भाग पाडतात.

मात्र तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर ही दोन्ही अस्त्रे अद्याप चालत नाहीत. तेथे पहिले औषध आपल्याच हाती आहे : खिशातली पुडी टाकून देणे.